कमी बजेटमधलं फोर-स्ट्रोक: आर.सी. (रेडिओ कंट्रोल) विमानासाठी कोणतं इंजिन घ्यावं, कोल्हापूरच्या हिशोबाने

कोल्हापुरात मॉडेल विमान उडवणाऱ्याने फोर-स्ट्रोक घेताना ताकदीच्या आधी आयडलिंग बघावं. इथली मोकळी रानं बहुतेक उसाच्या मधोमध असतात. लँडिंगच्या फेरीत थ्रॉटल खाली घेतला आणि इंजिन बंद पडलं, की विमान सरळ दहा फुटी उसात. म्हणून २,००० ते २,५०० आरपीएमवर मिनिटभर न अडखळता चालणारं आणि थ्रॉटल दिल्यावर लगेच उचलणारं इंजिन हेच आपल्याकडचं चांगलं इंजिन. कमाल वेगात २०० आरपीएम कमी निघाले तरी काही बिघडत नाही.

साइजचं गणित आधी उरकून घेऊ. टू-स्ट्रोक ४० च्या जागी ५२ ते ५६, ४६ च्या जागी ६१ ते ७०, आणि ६० च्या जागी ८० ते ९१ चं फोर-स्ट्रोक लागतं. हे आकडे घनइंचाच्या शंभराव्या भागातले आहेत. म्हणजे ५२ चं इंजिन साडेआठ सीसीचं, ७० चं साडेअकरा आणि ९१ चं जवळपास पंधरा सीसीचं. अडीच किलोचं ट्रेनर (शिकण्याचं विमान) ५२ वर उडतं, पण गवताच्या धावपट्टीवरून रडत उठतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने किनाऱ्यावरच्या तुलनेत पाच-सहा टक्के ताकद इथे मुळातच कमी मिळते. म्हणून एकच इंजिन घ्यायचं असेल तर ७० घ्या. ५२ हलक्या, दोन किलोच्या आतल्या विमानासाठी ठेवा.

बजेट म्हटलं की पहिलं नाव निघतं ते ए.एस.पी.चं. चीनमधल्या सान्ये कारखान्याची ही इंजिनं अमेरिकेत मॅग्नम, ब्रिटनमध्ये एस.सी. आणि इतरत्र ए.एस.पी. या नावांनी विकली गेली. आतला माल एकच. एक्स.एल.-५२, एक्स.एल.-७०, एक्स.एल.-९१ किंवा एफ.एस.-५२, एफ.एस.-७०, एफ.एस.-९१ असे नंबर दिसले की ही तीच मंडळी समजा. रचना ओ.एस. या जपानी कंपनीच्या सरपास मालिकेच्या वळणाची आहे. क्रँककेसचं ओतकाम जाड आहे, पिस्टनची रिंग चांगली बसते, कॉम्प्रेशन उत्तम राहतं. कोरी असताना किंमत जपानी सायतो इंजिनांच्या जवळपास निम्मी असायची. आता मिळतात ती बहुतेक जुन्या साठ्यातली किंवा वापरलेली, आणि तिथेच निवड करणाऱ्याची खरी परीक्षा असते.

या इंजिनांचे दोष ठरलेले आहेत. बेरिंग हलक्या दर्जाचं असतं आणि लवकर गंजतं. एक्झॉस्ट पाइपचा नट गरम झाल्यावर सैल होतो आणि सायलेन्सर हवेत गळून पडतो. कार्ब्युरेटर आणि इनटेक पाइपच्या मधली ओ-रिंग चपटी झाली की तिथून हवा शिरते. मग नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) कितीही फिरवा, आयडलिंग जागेवर बसत नाही. पुष्कळ जण याचं खापर कार्ब्युरेटरवर फोडतात, आणि चूक असते एका ओ-रिंगची. कोऱ्या इंजिनातही मशिनिंगचा बारीक चुरा राहिलेला असू शकतो. मागचं कव्हर काढून आतला भाग मिथेनॉलने धुवा, तेल सोडा, आणि सगळे स्क्रू एकदा हाताने तपासून मगच इंजिन चालवा.

सायतोची गोष्ट वेगळी. सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात असल्याने हेड गॅस्केट फुटण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्याच साइजच्या चिनी इंजिनापेक्षा ते शंभरएक ग्रॅमने हलकं भरतं. नाक लांब असलेल्या स्केल विमानात (खऱ्या विमानाच्या प्रतिकृतीत) या शंभर ग्रॅमला फार मोल आहे. मात्र व्हॉल्व्ह सीट खराब झाली तर त्या खोल सिलिंडरमध्ये काम करणं अवघड जातं. ओ.एस.ने १९७६ मध्ये एफ.एस.-६० आणलं, तेव्हापासून ही कंपनी या प्रकारात आहे. वापरलेलं सरपास ५२ किंवा ७० चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर कोऱ्या ए.एस.पी.पेक्षा माझी पसंती त्याला. थंडर टायगरची एफ-५४ आणि एफ-९१ ही तैवानी इंजिनंही दणकट आहेत. फक्त सुट्या भागांची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

वापरलेलं इंजिन घरी आणून मग तपासण्यात अर्थ नाही. विकणाऱ्यासमोरच पाच मिनिटं द्या. प्रोपेलर लावून समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. कॉम्प्रेशन लागलं की तिथेच धरून ठेवा आणि कान लावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह बसत नाही. एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून जोरात हवा आली तर रिंग गेली, थोडी येणं चालतं. आता ग्लो प्लग काढून पुन्हा फिरवा. हाताला कचकच लागली तर बेरिंगात गंज आहे. शाफ्ट वर-खाली हलवून बघा. शेवटी रॉकर कव्हर उघडा. पुशरॉड, रॉकर आणि स्प्रिंगवर तांबूस गंज दिसला, तर आत क्रँककेसमध्ये त्याहून वाईट अवस्था असणार.

घट्ट बसलेलं इंजिन दिसलं म्हणून लगेच सोडून देऊ नका. पुष्कळदा ते इंधनातल्या जुन्या एरंडेलाच्या चिकटाने अडकलेलं असतं. ताकद लावून फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पुशरॉड निसटतो. हेअर ड्रायरने क्रँककेस आणि सिलिंडर चटका बसेल इतपत तापवा, गार होऊ द्या, मग मिथेनॉल सोडून रात्रभर ठेवा. चिकट असेल तर सुटतं. मिथेनॉल सोडल्यावर मात्र पुन्हा ड्रायर जवळ नेऊ नका.

बेरिंगच्या बाबतीत कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं आहे. ऑइल इंजिनावर वाढलेलं हे गाव. शिवाजी उद्यमनगरात बेरिंग, ओ-रिंग, बारीक अॅलन बोल्ट आणि लेथवाला हे सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. बेरिंगवरचा नंबर वाचा. पुसला गेला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून न्या. मागचं बेरिंग उघडं आणि सी-३ क्लिअरन्सचं (आत किंचित जास्त फट असलेलं) मागा. पुढच्याला बाहेरच्या बाजूने रबर सील हवं, आतलं सील काढून टाका, म्हणजे तेल पोचतं. डुप्लिकेट माल भरपूर फिरतो, तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी नामांकित कंपनीचं घ्या. बदलताना क्रँककेस पूर्ण मोकळा करून, इंधनाचा अंशही उरू न देता, ओव्हनमध्ये १५० अंशांपर्यंत तापवा आणि लाकडावर आपटा. जुनं बेरिंग आपसूक खाली पडतं, नवं तेवढ्याच सहज बसतं. हातोडी आणि पंच लावणारा लेथवाला कितीही ओळखीचा असला तरी हे काम त्याच्याकडे देऊ नका. कॅमगिअर काढण्याआधी त्याच्यावरची खूण पिस्टन टॉपला असताना कुठे येते ते बघून ठेवा. एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा झालंच तर दम धरत नाही.

टॅपेट सेटिंग बुलेटच्या मेकॅनिकला समजावून सांगावं लागत नाही, इथेही तत्त्व तेच आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. कॉम्प्रेशनच्या टॉपला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात ०.०४ मिलिमीटरचं फिलर गेज जायला हवं आणि ०.१० चं अडायला हवं. लॉकनट सैल करा, स्क्रू जुळवा, स्क्रू धरून ठेवून नट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हमखास बदलते. पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर एकदा, पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला. फट शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. फट फार वाढली तर टकटक आवाज येतो आणि ताकद घटते.

इंधनाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. मिथेनॉल विषारी आहे. ते त्वचेतूनही अंगात जातं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विक्री आणि साठा दोन्ही परवान्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे रीतसर मार्गानेच घ्या, आणि भरताना हातमोजे घाला. मैदानावर पाण्याची बादली जवळ ठेवा, मिथेनॉल पाण्यात मिसळतं म्हणून पाण्याने आग आटोक्यात येते. नायट्रोमिथेन आपल्याकडे सहज मिळत नाही, मिळालं तर महाग असतं. त्याच्याशिवाय फोर-स्ट्रोक चालतं, फक्त आयडल थोडा वर, २,४०० च्या आसपास ठेवावा लागतो. साधं मिश्रण लिटरला ८०० मिली मिथेनॉल आणि २०० मिली तेल. पाच टक्के नायट्रो हाताशी असेल तर ५० मिली नायट्रो, १८० मिली तेल, ७७० मिली मिथेनॉल. तेलात दोन भाग सिंथेटिक आणि एक भाग एरंडेल ठेवा. नुसत्या एरंडेलाने व्हॉल्व्ह गाइड आणि रिंगच्या खाचा तपकिरी थराने भरतात. नुसत्या सिंथेटिकमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण पातळ पडून (इंधन कमी, हवा जास्त) इंजिन तापलं, तर वाचवणारं काही उरत नाही. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो. अर्धा रिकामा डबा ठेवण्यापेक्षा लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा.

प्लग ओ.एस.चा टाइप एफ किंवा तसाच लांब, फोर-स्ट्रोकसाठी बनवलेला. टू-स्ट्रोकचा प्लग लावून आयडलवर इंजिन बंद पडतं म्हणणारे कमी नाहीत. प्रोपेलर (व्यास बाय पिच, इंचात) ५२ ला १२ बाय ६, ७० ला १३ बाय ६, ९१ ला १४ बाय ६.

पहिल्यांदा चालवताना इंजिन स्टँडवर घट्ट बांधा. मुख्य नीडल अडीच ते तीन फेरे उघडा. पहिली दहा मिनिटं ४,००० आरपीएमच्या आसपास, धूर आणि तेल दिसेल इतकं जास्त इंधन देऊन चालवा. मग गार होऊ द्या, आणि पुढच्या टाक्यांना आरपीएम थोडं थोडं वाढवा. रिंग बसायला वेळ लागतो, घाई केली तर कॉम्प्रेशन कायमचं कमी राहतं. सेटिंग करताना नीडल बंद करत कमाल आरपीएमला जा आणि तिथून ३०० ते ४०० आरपीएम खाली येईपर्यंत पुन्हा उघडा. आयडलसाठी इंधनाची नळी चिमटीत दाबा. इंजिन लगेच बंद पडलं तर मिश्रण पातळ आहे. बराच वेळ वेग चढत राहिला तर जाड आहे. किंचित चढून दोन-तीन सेकंदांत थांबलं तर बरोबर. दोन नीडलच्या कार्ब्युरेटरमध्ये बारीक स्क्रू एका वेळी आठवा भाग फेराच फिरवा.

पातळ मिश्रणावर फोर-स्ट्रोक उलटा झटका मारतं आणि प्रोपेलर नटासकट समोर फेकलं जातं. म्हणून दुहेरी नट असल्याशिवाय हे इंजिन सुरू करू नये, ही सूचना कुणासाठीही सैल करायची नाही. सेटिंग करताना प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत कुणी उभं राहू नये. नीडलला हात मागूनच घाला. इलेक्ट्रिक स्टार्टर लावण्याआधी प्रोपेलर दोन फेरे हाताने फिरवा. अडलं तर सिलिंडरमध्ये इंधन साठलं आहे. प्लग काढून ते बाहेर टाका, नाहीतर स्टार्टरच्या ताकदीने कनेक्टिंग रॉड वाकतो.

दिवसभराचं उडवणं संपलं की इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा. जळलेल्या मिथेनॉलचं पाणी आणि आम्ल रिंगपलीकडून क्रँककेसमध्ये उतरतं, बेरिंग गंजण्याचं कारण तेच. ब्रीदर नळीतून दोन-तीन मिली एटीएफ (गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सोडा आणि प्रोपेलर दहा-बारा वेळा फिरवा. ही ब्रीदर नळी कधीही बुजवू नका, तिला सिलिकॉनची नळी लावून विमानाबाहेर काढा.

मिथेनॉलचा त्रास नको असेल तर एन.जी.एच. कंपनीचं जी.एफ.-३० हे पेट्रोलवर चालणारं ३० सीसीचं फोर-स्ट्रोक हा पर्याय आहे. पेट्रोल पंपावर मिळतं, तेल कंपनीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात मिसळायचं. उड्डाणाचा खर्च फार खाली येतो. पण त्याला इलेक्ट्रॉनिक इग्निशन, त्याची वेगळी बॅटरी आणि पाच-सहा किलोचं विमान लागतं, आणि एवढ्या विमानाला जागाही मोठी. उजळाईवाडी विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या हवाई हद्दींच्या सरकारी नकाशावर त्या जागेचा रंग, म्हणजे तिथे उडवायला परवानगी लागते का, ते बघून घ्या.

इंजिन मागवताना त्याच पार्सलमध्ये दोन प्लग, एक रिंग, हेड आणि मागच्या कव्हरचे गॅस्केट, इनटेकच्या ओ-रिंगा आणि एक जादा एक्झॉस्ट नट मागवून घ्या. बेरिंग आणि बोल्ट उद्यमनगरात मिळतील. रिंग मिळणार नाही.