पहिला मासा: क्लाउन की डॅमसेल?

200 लिटरच्या नव्या रीफ टाकीत (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी) अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्यावर आली की क्रॉफर्ड मार्केटमध्ये हमखास डॅमसेल पुढे केला जातो. स्वस्त, काटक, पण तीन पट्ट्यांचा डॅमसेल मोठा होताना खडकाचा कोपरा बळकावतो आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला पिटाळतो. त्याला पकडायचं तर सगळी रचना उपसावी लागते.

टाकीतच पैदास झालेली ऑसेलारिस क्लाउनची लहान-मोठी जोडी महाग, तरी तीच घ्यावी. मोठा मासा मादी होतो, भांडण मिटतं. क्लाउन ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या ॲनिमोन या समुद्री जीवाची गरज नाही. त्याची घाई तर नकोच. तापमान मात्र दोघांनाही 25–27 अंश हवं. मुंबईच्या दमट हवेत पंखा कमी पडतो, चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे आधी बाजूला काढा.