वर्गणीचं पहिलं ॲप: कॉटलिन, फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह?

समजा, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाचं पावतीपुस्तक मोबाइलवर आणायचं आहे. पडदे (स्क्रीन) तीनच: देणाऱ्यांची यादी, नवी पावती, एकूण जमा. पावती व्हॉट्सॲपवर पाठवता यावी आणि पोळाच्या (जुन्या दाट गल्लीवस्तीच्या) आतल्या खोलीत नेट नसलं तरी वर्गणी (शेजारची गुजराती मंडळी म्हणतात तसा ‘फाळो’) नोंदवता यावी. लॉगिन, सर्व्हर, ऑनलाइन पेमेंट यांतलं काही नको. यादी, फॉर्म, साठवण आणि दुसऱ्या ॲपला मजकूर देणं एवढं यात शिकून होतं. रोज दीड-दोन तास दिले तर चार ते सहा आठवडे धरा. हेच काम तीन प्रकारे करता येतं: कॉटलिन ही भाषा थेट अँड्रॉइडसाठी, तर फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणारी साधनं (एक्स्पो हा रिॲक्ट नेटिव्हसोबतचा तयार संच).

| | कॉटलिन | फ्लटर | रिॲक्ट नेटिव्ह (एक्स्पोसह) |
|---|---|---|---|
| भाषा | कॉटलिन | डार्ट | जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट |
| पडदे कशात | जेटपॅक कंपोज | विजेट (पडद्याचा एकेक तुकडा) | रिॲक्टचे घटक |
| साठवण | रूम (फोनवरचा डेटाबेस सांभाळणारी लायब्ररी) | एसक्यूफ्लाइट | एक्स्पो-एसक्यूलाइट |
| पावती शेअर करणं | अँड्रॉइडचा इंटेंट (दुसऱ्या ॲपला दिलेला निरोप) | वेगळं पॅकेज लागतं | सोबतच येतं |
| सुरुवातीला लागणारं | अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचा प्रोग्राम) | फ्लटर, अँड्रॉइड एसडीके (ॲप बांधायची साधनं) | नोड (लॅपटॉपवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), फोनवर एक्स्पो गो |

आधी लॅपटॉपची रॅम बघा

कोणती भाषा ‘चालते’ ही चर्चा नंतर. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते. एम्युलेटरही (लॅपटॉपवरचा नकली फोन) चालवायचा तर १६ जीबी. ८ जीबीच्या मशीनवर दोन्ही उघडले की बिल्डला (कोडचं ॲप तयार व्हायला) लागणाऱ्या वेळात चहा करून पिऊन होतो. एम्युलेटर सोडून द्या आणि स्वतःचा फोन जोडा: सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबा, डेव्हलपर पर्याय उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. शाओमीच्या फोनवर ‘यूएसबीवरून इन्स्टॉल’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

फ्लटरला अँड्रॉइड एसडीके लागतोच, पण कोड व्हीएस कोडमध्ये लिहिता येतो, त्यामुळे ८ जीबीत निभावतं. ‘फ्लटर डॉक्टर’ ही कमांड काय कमी आहे ते सांगते. नवख्यांचं घोडं बहुतेक वेळा कमांड-लाइन टूल्स आणि परवान्यांच्या संमतीवर अडतं.

सगळ्यात हलकी सुरुवात एक्स्पोची. अँड्रॉइड स्टुडिओशिवाय क्यूआर कोड स्कॅन केला की ॲप फोनवर उघडतं. अट एकच: फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर हवेत. कॉलेज-होस्टेलच्या वायफायवर बऱ्याचदा एक मशीन दुसऱ्याला दिसत नाही. तेव्हा फोनचाच हॉटस्पॉट लॅपटॉपला द्या, किंवा टनेल पर्यायाने (इंटरनेटमार्गे जोडून) चालवा. प्ले स्टोअरवरचं एक्स्पो गो एक्स्पोच्या नव्या आवृत्तीवर गेलं की जुना प्रकल्प त्यात उघडत नाही, हा त्रास मात्र अधूनमधून होणार.

कुठे काय फसतं

कंपोजमध्ये अर्धी पावती भरली, फोन आडवा केला आणि सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या, तर तो बग तुमचाच. फोन फिरला की अँड्रॉइड पडदा नव्याने उभारतं आणि ‘रिमेंबर’मध्ये ठेवलेलं जातं. ‘रिमेंबर-सेव्हेबल’ किंवा व्ह्यूमॉडेल वापरा; त्यांत ठेवलेलं फोन फिरला तरी टिकतं. फ्लटर आणि एक्स्पोच्या तयार साच्यात हा प्रसंग सहसा येत नाही; सोय म्हणून छान, पण अँड्रॉइड आतून कसं चालतं ते मग कळतही नाही.

फ्लटरमध्ये ‘श्री. व सौ.’पासून सुरू होणारं लांबलचक नाव रकमेच्या शेजारी ठेवलं की कडेला पिवळे-काळे पट्टे दिसतात. नावाचं विजेट ‘एक्स्पांडेड’मध्ये गुंडाळा. पट्टे फक्त डीबग (चाचणीच्या) आवृत्तीत दिसतात. प्रत्यक्ष वाटलेल्या ॲपमध्ये तोच मजकूर मुकाट्याने कापला जातो.

रिॲक्ट नेटिव्हचा नमुनेदार सापळा शून्याचा. ‘जमा असेल तरच एकूण दाखव’ यासाठी रकमेपुढे दोन अँड-चिन्हं (&&) टाकून घटक लिहिला, तर जमा शून्य असताना ते शून्यच पडद्यावर यायला बघतं. ते ‘टेक्स्ट’ घटकाबाहेर असल्यामुळे ॲप चूक दाखवून थांबतं. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिली पावती फाडायच्या आत. अट ‘रक्कम शून्याहून मोठी’ अशी पूर्ण लिहा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास आडवी येते. मराठी किंवा गुजराती कळफलकावरून कोणी रक्कम ‘५०१’ अशी टाकली, तर कॉटलिनचं आकड्यात रूपांतर ती नीट वाचतं. डार्टमध्ये तिथेच चूक फेकली जाते, जावास्क्रिप्टमध्ये ‘आकडा नाही’ असं उत्तर येतं. या दोघांत आधी मराठी-गुजराती अंक इंग्रजी अंकांत बदलणारं छोटं फंक्शन लिहावं लागेल. रक्कम तिन्हीकडे पूर्णांकात साठवा, दशांशात नको.

साठवण: इथे घाई नको

आठवड्याने खजिनदार म्हणणार, पावतीवर फोन नंबरही हवा. डेटाबेसच्या तक्त्यात नवा रकाना आला, पण तुमच्या फोनवर जुना डेटाबेस बसलेला आहे. कॉटलिनमध्ये रूम हा डेटाबेस उघडतानाच तक्रार करतं आणि ॲप बंद पडतं. नेटवर याचा जो झटपट उपाय सापडतो (जुना डेटाबेस पुसून नवा करा) तो सरावात ठीक, पण उत्सवाच्या मध्यावर तो वापरला तर गोळा झालेली सगळी वर्गणी ॲपमधून गेली. आवृत्ती क्रमांक एकने वाढवा आणि रकाना जोडणारं मायग्रेशन (जुन्या नोंदी न पुसता तक्ता बदलणारा कोड) लिहा. एसक्यूफ्लाइटमध्ये तक्ता बनवणारा भाग पहिल्या वेळीच चालतो, म्हणून आवृत्ती वाढवून ‘ऑन-अपग्रेड’ लिहिलं नाही तर ‘असा रकाना नाही’ ही चूक येते. एक्स्पोत आवृत्तीचा हिशोब बहुतेक हातानेच ठेवावा लागतो. रूम यात सर्वांत कडक मास्तर आहे, आणि नवख्याला तेच फायद्याचं.

मग घ्यायचं काय?

१६ जीबी रॅम आणि मंडळात सगळे अँड्रॉइडवाले असतील तर कॉटलिन. गूगलने २०१७ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून अँड्रॉइडसाठी त्यालाच पहिलं स्थान दिलं. शिकलेलं वाया जात नाही. वेबसाठी जावास्क्रिप्ट आधीच येत असेल, किंवा मशीन अगदीच अशक्त असेल, तर एक्स्पो. यांतलं काहीच लागू नसेल तर फ्लटर: पडदे पटकन उभे राहतात, बदल केला की लगेच दिसतो. ‘आयफोनवरही चालेल’ म्हणून फ्लटर किंवा एक्स्पो घेणाऱ्यांनी एवढं धरावं की फ्लटरचा आयफोन बिल्ड मॅकवर होतो आणि ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलरचं आहे. एक्स्पोला क्लाउडवर बिल्ड करता येतो, पण फोनवर टाकायला खातं लागतंच.

प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ परीक्षकांसह सलग १४ दिवसांची बंद चाचणी करावी लागते. चतुर्थीच्या आठवडाभर आधी जागं होऊन हे जमत नाही. पाच-सात कार्यकर्त्यांसाठी एपीके (फोनवर थेट बसवता येणारी) फाइल थेट पाठवा. एक्स्पोत बिल्डच्या सेटिंगमध्ये एपीके निवडा, नाहीतर थेट बसवता न येणारी प्ले स्टोअरसाठीची फाइल हाती येते. आणि तिन्हीकडे ॲपवर सही करायची किल्ली (ॲप तुमचंच असल्याची डिजिटल खूण) एकच ठेवा. मित्राच्या लॅपटॉपवर वेगळ्या किल्लीने केलेला बिल्ड जुन्या ॲपवर बसत नाही. फोन आधी जुनं काढायला सांगतो, आणि ते काढलं की पावत्याही जातात.