बूच, डमी आणि एंड कॅप: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे काउंटरच्या कोपऱ्यात एक खोका पडलेला असतो. रबरी बुचं, नळाची जागा बंद करायच्या प्लास्टिकच्या डमी, ठिबकच्या नळीचं टोक बंद करायच्या एंड कॅप, वायसर, सगळं एकात एक कालवलेलं. दुकानदार त्याकडे ढुंकून बघत नाही, पण उन्हाळा लागला की गिऱ्हाईक त्यातच हात घालून बसलेलं. घरात सगळ्यात स्वस्त आणि हरवल्यावर सगळ्यात जास्त शोधली जाणारी वस्तू हीच. या खोक्यातला कोणता माल कामाचा आणि कोणता नुसता भरतीचा, ते पाहू.

आधी कूलर, कारण विदर्भात मार्च ते जून घरातला कर्ता पुरुष तोच. पत्र्याच्या गावठी कूलरला टाकीच्या तळाशी पाणी सोडायचं भोक असतं. कुठं तिथं अर्धा इंची सॉकेट वेल्डिंग करून दिलेला असतो, कुठं नुसतंच भोक. नुसत्या भोकाला निमुळतं रबरी बूच उत्तम, पण ते टाकीच्या आतून लावायचं. आतून लावलं की पाण्याचं वजनच त्याला भोकात दाबून धरतं. बाहेरून ठोकलं तर तेच पाणी त्याला बाहेर ढकलतं, आणि रात्री दोन वाजता झोपलेल्यांच्या गाद्या ओल्या. मापाची खूण सोपी आहे: बूच अर्ध्यावर अडकलं पाहिजे. पूर्ण आत गेलं तर ते लहान, फक्त टोक शिरलं तर मोठं. पत्रा गंजून भोक वाकडं झालं असेल तर बुचाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, हंगाम निघून जातो.

काही जण कटकट नको म्हणून एम-सील लावून भोक कायमचं बुजवतात. हे करू नका. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावीच लागते. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण ७ ते १० दिवसच लागतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खाऱ्या पाण्याच्या खोऱ्यात, तर बूच त्याआधीच उघडावं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आणि कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या दगडासारख्या होतात.

आता आट्यांची डमी. नळ काढला, जागा बंद करायची आहे, तर हीच लागते. प्लास्टिकची दहा-पंधरा रुपयांत येते आणि घरच्या दाबाला पुरते. घोळ होतो तो मापात. अर्धा इंची डमी आट्यांवर पट्टीनं मोजली तर सुमारे २१ मिमी भरते, म्हणजे पाऊण इंचाहून जास्तच. मग माणूस पट्टीवर विश्वास ठेवून दुकानात पाऊण इंची मागतो, आणि घरी येऊन डमीला शिव्या देतो. पाऊण इंचीचे आटे २६ मिमीचे आणि एक इंचीचे ३३ मिमीचे असतात. नाव पाइपाच्या पोटावरून पडलंय, पाठीवरून नाही. जुना तुकडा खिशात घालून नेणं सगळ्यात बरं.

टेफ्लॉन टेप आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, १०-१२ वेढे. उलटी गुंडाळली तर डमी फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. हातानं घट्ट बसली की पान्यानं अर्धा फेरा, बस्स. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पितळी डमी जोर लावून आवळली की सॉकेट उभा तडकतो. मग दहा रुपयांच्या कामासाठी भिंत फोडा.

ठिबकमध्ये मात्र आमचं मत ठाम आहे. १६ मिमीच्या नळीला इंग्रजी आठच्या आकाराची एंड कॅप घ्या, बाकी फॅन्सी काही नको. नळी एका कड्यातून ओवायची, टोक दुमडायचं, दुसऱ्या कड्यात अडकवायचं. उघडायला दोन सेकंद, आणि उघडणं हाच तर मुद्दा आहे. गाळ सगळा नळीच्या शेवटाला साचतो. कॅप उघडायचा कंटाळा केला की संत्र्याच्या ओळीतली शेवटची दोन-तीन झाडं आधी सुकतात, आणि दोष जातो कलमाला. धुताना आधी फिल्टर साफ करा, मग सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाचा, गाळ सोडायचा फ्लश व्हॉल्व्ह, मग नळ्या चार-पाच करून उघडा. सगळ्या एकदम उघडल्या तर दाबच राहत नाही, गाळ जागचा हलत नाही. दुमड नेहमी एकाच ठिकाणी पडून नळी चिरते. तिथं चार बोटं कापून नवी दुमड घाला. तारेनं बांधणं बंद करा, तार नळी कापते. टोक उघडं सोडलं तर मुंग्यांना घर मिळतं.

ड्रिपर काढलेलं भोक बुजवायला छोटं प्लास्टिकचं बटण मिळतं, ते गोल भोकालाच बसतं. उंदरानं किंवा खारीनं कुरतडलेल्या जागी ते टिकत नाही. तो तुकडा कापून दोन टोकं जोडणारा जॉइनर टाका.

न्हाणीच्या भोकाला रात्री चिंधीचा बोळा हा जुना उपाय अजूनही वाईट नाही, बेडूक-झुरळ अडतं. पण पावसाळ्यात बोळा विसरला की सकाळी न्हाणीचं तळं. स्टीलची जाळी घ्या. पेट्रोल-डिझेलच्या कॅनला साधं रबरी बूच नकोच, रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं.

आणि फवारणीचा पंप. इथं मस्करी नाही. झाकणाचं वायसर गेलं की त्या जागी पन्नी लावून काम भागवणारे गावोगाव आहेत. पंप वाकला की औषध सरळ पाठीवर उतरतं, आणि ते कातडीतून अंगात भिनतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरू नये. त्याच पंपाचं वायसर आणा, नसेल तर फवारणी पुढे ढकला.

त्याच झाकणात हवा आत घ्यायचं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीतून पाणी उतरतं पण हवा आत येत नाही, आणि फवारा मंदावतो. लोक नोझल खोलून बसतात, कोणी तर तोंडानं फुंकतो. कारण बऱ्याचदा कुंभारमाशी असते. पंप गोठ्यात टांगून ठेवला की ती नेमकं तेच भोक चिखलानं लिंपते. कुलपाची भोकंही सोडत नाही. मजबुतीत तिचं बूच खोक्यातल्या सगळ्या मालापेक्षा सरस, पैसेही मागत नाही. हातमोजे घालून झाकण काढा, चिखल पाण्यानं भिजवा, मग झाडूच्या काडीनं मोकळं करा. सुई घालू नका, आत रबरी पडदा असेल तर तो फाटतो.