नवकंकरी फोनवर आणली: ॲप स्टोअरचा काही महिन्यांचा अनुभव

नवकंकरी या दोघांनी खेळायच्या पटावरच्या खेळाचा छोटा गेम मी एकट्याने बनवला आणि गेले काही महिने तो वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर विकतोय. कमिशनबद्दल सगळेच बोलतात, म्हणून ते आधी उरकतो. गूगल प्लेवर एकदाच 25 डॉलर भरून खातं उघडतं आणि वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवर 15 टक्के कापले जातात. ॲपलला दरवर्षी 99 डॉलर द्यावे लागतात. छोट्या डेव्हलपरला तिथेही 15 टक्केच. एवढं मला महाग वाटत नाही. न्यू जर्सीतल्या कुणी मुलांसाठी गेम घेतला, तर डॉलर, तिथला कर, रिफंड यातलं काहीच मला बघावं लागत नाही. इथला माणूस यूपीआयने पैसे देऊन मोकळा होतो. हे सगळं स्वतःच्या वेबसाइटवर उभं करायचं तर गेम बनवायला वेळच उरला नसता.

टेस्टिंगची अटही पटली. प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस तपासून घ्यावा लागतो. आधी हा आकडा 20 होता. सोसायटीतल्या लोकांच्या मागे लागलो. एका काकूंनी फोनवर अक्षरं मोठी करून ठेवली होती. त्यांच्याकडे ‘खेळी मागे घ्या’ हे बटण पटाच्या खालच्या ओळीवरच येऊन बसलेलं! माझ्या फोनवर ते कधीच दिसलं नसतं.

आता त्रास. एका स्टोअरने माझं दिवाळीचं अपडेट अडवलं. कारण दिलं जुगाराचं. सोंगट्यांच्या जागी मी कवड्यांची चित्रं टाकली होती, बहुधा तीच खटकली. बहुधा म्हणतो, कारण कोणता स्क्रीन, कोणतं चित्र, कुणीच सांगितलं नाही. नवकंकरीत फासे नाहीत, पैज नाही. दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. एवढं समजावून अपील केलं. उत्तरात आधीचाच मजकूर, शब्द न शब्द तोच. शेवटी कवड्या काढून चिंचोके टाकले, तेव्हा अपडेट सुटलं. तोवर सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या.

दुसरीकडे जावं तरी कुठे? इच डॉट आयओ या गेम विकायच्या वेबसाइटवर कमिशन किती द्यायचं हे डेव्हलपरच ठरवतो, शून्यही चालतं. पण माझे खेळणारे तिथे फिरकत नाहीत. थेट एपीके, म्हणजे ॲपची फाइलच, पाठवली तर फोन अनोळखी ॲपचा इशारा देतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं, की स्टोअरबाहेरच्या ॲपसाठीही डेव्हलपरची ओळख पडताळणी लागेल. सुरुवात 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून.

कमिशन आहे तेवढं राहिलं तरी माझी तक्रार नाही. अपील मात्र माणसाने वाचावं आणि नाकारलेल्या चित्रावर बोट ठेवून काय चुकलं ते सांगावं. पहिला गेम टाकणाऱ्यांनी सणाचं अपडेट महिनाभर आधीच पाठवा.