दोन पॉवर सप्लाय जोडणारा रिले बोर्ड : वापरानंतरचे मत

दुसरे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर माझ्या डेस्कटॉपचा 650 वॉटचा पॉवर सप्लाय अपुरा पडू लागला, म्हणून मी हा बोर्ड घेतला आणि त्याने आपले काम चोख केले. पहिल्या सप्लायच्या साटा (हार्ड डिस्कला वीज पुरवणाऱ्या) जोडणीतून 12 व्होल्ट मिळताच बोर्डावरील रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, दुसऱ्या सप्लायच्या 24 पिनी जोडणीतील 16 क्रमांकाची, म्हणजे सप्लाय सुरू करणारी, पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडतो. त्यामुळे दोन्ही सप्लाय जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात आणि संगणक बंद केला की एकत्रच बंद होतात. त्याच पिनला ग्राउंडशी जोडणारा तारेचा तुकडा अडकवून दुसरा सप्लाय कायम चालू ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी अधिक सुरक्षित वाटते.

माहितीपत्रक मात्र निराशाजनक आहे. दोन्ही सप्लायच्या 12 व्होल्टच्या तारा एकमेकींना कधीही जोडू नयेत आणि एका कार्डाला वीज देणाऱ्या सर्व 8 पिनी जोडण्या एकाच सप्लायवरून घ्याव्यात, ही अत्यावश्यक सूचना त्यात कुठेच नाही. शिवाय दुसरे कार्ड नव्या सप्लायवर टाकले, तरी मदरबोर्डवरील ज्या स्लॉटमध्ये ते बसते त्यातून त्याला मिळणारी कमाल 75 वॉट वीज मदरबोर्डमार्फत पहिल्याच सप्लायवरून येते, हे भाराचा हिशेब करताना विसरता कामा नये. कॅबिनेटमध्ये जागा नसल्याने दुसरा सप्लाय मला बाहेर ठेवावा लागला.