३५० सांगून ३०५ गळ्यात मारलं : हॉट रॉडच्या इंजिनात गेलेले ४,६५० डॉलर

इंजिनाचे २,८००, गिअरबॉक्सचे १,१५० आणि मागच्या ॲक्सलचे ७००, असे एकूण ४,६५० डॉलर. रुपयांत किती होतात ते कोल्हापूरला घरी अजून सांगितलेलं नाही, सांगवत नाही. तरी इथे लिहितोय, कारण जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेले आपले बरेच लोक आता अमेरिकेत आहेत आणि मला हा माल विकणाऱ्या माणसाचा धंदा चालूच आहे.

मी ओहायोत राहतो. हॉट रॉड करायला, म्हणजे जुन्या गाडीत दणकट इंजिन बसवायला, १९३१ची फोर्ड मॉडेल ए कूपे घेतली होती. मूळचं चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन कामातून गेलेलं होतं. चासी आधीच मजबूत करून घेतली होती, तेव्हा प्रश्न होता फक्त आत काय बसवायचं याचा. फोर्डचं जुनं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) व्ही-८ देखणं असतं, पण त्या ब्लॉकना व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये चिरा जातात, आणि नीट करायचं तर खिसा रिकामा होतो. जनरल मोटर्सचं नवीन एलएस इंजिन घेतलं तर कॉम्प्युटर आणि वायरिंगचं जंजाळ मागे लागतं. फोर्डच्या ३०२ व्ही-८चा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पुढे असतो, त्यामुळे फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची भिंत, वाचते, पण ऑइल पॅनचा खोल भागही पुढेच येतो आणि चासीच्या आडव्या दांड्याला, क्रॉसमेंबरला, अडतो. म्हणून शेवरलेटचं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८, त्यामागे ७००आर४ ऑटोमॅटिक आणि फोर्डचा ९ इंची ॲक्सल असं ठरवलं. ७००आर४च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६ आणि चौथ्याचं ०.७०, म्हणजे हायवेवर इंजिन उगाच ओरडत नाही. निवड योग्यच होती, आजही मी तेच निवडेन. मागणी या जोडीलाच सगळ्यात जास्त, आणि फसवणारेही नेमके तिथेच बसलेले असतात.

शेवरलेटचंच छोटं ३०५ घनइंची इंजिन ३५० म्हणून विकणं ही जुनी लबाडी आहे, जाणकारांना नव्याने सांगायला नको. दोन्ही इंजिनं बाहेरून सारखी. वॉटर पंप, मॅनिफोल्ड, माउंट सगळं अदलाबदल होतं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, दोघांचाही ३.४८ इंच. फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात, ३५०चा ४.००० इंच आणि ३०५चा ३.७३६. आणि बोअर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्याशिवाय दिसत नाही.

मी ज्या जाहिरातीवरून गेलो, तिच्यात ब्लॉकचा ओतीव नंबर ३९७००१० दिला होता. १९६९ ते १९८०च्या ३५० ब्लॉकवर सर्रास सापडणारा हा नंबर. नव्याने बांधलेलं इंजिन, ०.०३० इंच बोअर वाढवलेला, मशीन शॉपच्या बिलाचा फोटो. विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये गेलो तर दोन मॉडेल एच्या चासी, इंग्लिश व्हील (पत्र्याला आकार द्यायचं यंत्र), भिंतीला ओळीने लावलेले पाने. त्याच्या बायकोने कॉफी आणून दिली. अशा ठिकाणी कुणाला संशय येईल? इंजिन स्टँडवर चालू करून दाखवलं, ऑइल प्रेशर उत्तम होतं. मग तो स्वतःहून म्हणाला, खात्री करून घ्या. स्पार्क प्लग काढला, भोकातून रॉड घातला आणि पिस्टन खाली-वर करून मला स्ट्रोक मोजायला लावला. भरला बरोबर ३.४८. आता विचार केला की अंगाची लाही होते. जे माप दोन्ही इंजिनांत सारखंच येतं, तेवढंच त्याने मोजू दिलं. स्ट्रोक मोजून कुणी ३५० सिद्ध करून दाखवत असेल तर त्याला म्हणा, हेड काढ. गॅस्केट वाया जाते, असं मला सांगितलं गेलं. पन्नास डॉलरच्या आतली गॅस्केट! ती स्वतःच्या पैशाने आणून द्या, पण बोअर मोजा.

आणि आता तो क्षण. पुढे, उजव्या हेडच्या समोरच्या सपाट पट्टीवर ठोकलेला नंबर नव्हता. डेक, म्हणजे हेड बसतं तो ब्लॉकचा सपाट भाग, मशीन करताना गेला, म्हणाला. हे खरंच होतं. ती पट्टी डेकच्याच पातळीत असते, मशीनिंगमध्ये नंबर पुसला जातो. पण मागे, गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग जोडायच्या फ्लँजवर ड्रायव्हरच्या बाजूला ओतकामाचा जो उठावदार नंबर असतो, तोही नव्हता. मी बोट फिरवलं. नारिंगी रंगाच्या जाड थराखाली गुळगुळीत लागलं. बीड तसं कधीच लागत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी फाउंड्रीत सांचे भरण्यात आयुष्य घातलं, माझं लहानपण त्या काळ्या वाळूत गेलं. तो आकडा सांच्यातच असतो आणि बिडाबरोबर उठून येतो. त्या जागी कुठलंही मशीन चालत नाही, चालायचं कारणच नाही. तिथे कुणी ग्राइंडर फिरवला असेल तर फक्त लपवायला. हे मला कळत होतं. मी विचारलंही. तो म्हणाला, ‘आधीच्या मालकाने फ्लँज साफ केली, रंग नीट बसावा म्हणून.’ तोपर्यंत १,५०० डॉलर आगाऊ पाठवून झालेले होते, भाड्याचा ट्रेलर बाहेर उभा होता, समोर इंजिन सुरळीत चालत होतं आणि हातात बिल होतं. पुढचा नंबर गेल्याचं कारण खरं निघालं म्हणून मागच्याचंही खरं वाटलं. खऱ्याच्या पाठीला खोटं चिकटवून देणाऱ्या माणसापुढे माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. उरलेले ३,१५० रोख मोजून दिले.

मागचा ओतीव नंबर घासलेला दिसला की निघा. कारण विचारूच नका.

गिअरबॉक्सही तसलाच. ‘नंतरचा, ३० दात्यांचा इनपुट शाफ्ट’ असं सांगितलेलं, निघाला २७ दात्यांचा, १९८४पर्यंतच्या बनावटीचा. त्यासाठी वेगळा घेतलेला नवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) बसेना. पॅन उघडला तर क्लचचा जळका चुरा, वरून ताजं लाल ऑइल. आणि ॲक्सल ९ इंची नव्हेच, ८ इंची. हे ओळखायला एक सॉकेट पुरतो. ९ इंचीच्या खालच्या नटांवर सॉकेट सरळ बसत नाही, तिथे पानाच लावावा लागतो. ८ इंचीच्या सगळ्या नटांवर सॉकेट बसतो. ॲक्सल ताडपत्रीत गुंडाळून दिला होता. गुंडाळलेला माल उघडून बघितल्याशिवाय ट्रेलरवर चढवू नका.

मशीन शॉपने २४० डॉलर घेऊन हेड काढलं आणि बोअर गेज लावला. ३.७६६. म्हणजे ३०५, ०.०३० वाढवलेलं. बिलावरचा ०.०३० तेवढा खरा होता.

त्यापुढचा संताप वेगळाच. शेरीफच्या ऑफिसात काउंटरवरच्या माणसाने फोटोही पाहिले नाहीत. ‘तुम्ही पाहून घेतलंत, हा दिवाणी मामला.’ घासून काढलेला नंबर, खोटं बिल, जाहिरातीत छापलेला नंबर, तरी दिवाणी? राज्याच्या ग्राहक विभागाचं पत्र आलं की ते दुकानदारांविरुद्धच्या तक्रारी बघतात, खासगी विक्री त्यांच्याकडे येत नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर सगळं भरलं, पोच आली, पुढे काही नाही. पैसे पाठवायच्या ॲपवाल्यांनी सांगितलं की रक्कम ‘मित्र किंवा कुटुंब’ म्हणून गेली आहे, तिला संरक्षण नाही. तसं पाठवायला त्यानेच सांगितलं होतं, फी वाचते म्हणून. ते तीन टक्के फुकट समजू नका, तोच विमा आहे. ओहायोत स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ६,००० डॉलर, माझी रक्कम त्यात बसते. पण नोटीस बजावायची कुणावर? गॅरेज भाड्याचं, आता रिकामं. बिलावरचं नाव वेगळं. रजिस्टर्ड पत्र परत आलं. कोर्टातली बाई म्हणते पत्ता आणा, शेरीफ म्हणतो पत्ता शोधणं आमचं काम नाही. कर भरणाऱ्या माणसाने मग जायचं कुठे? दार दाखवायला सगळे तयार, आत घ्यायला कुणी नाही.

भारतात आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं कागद आहे म्हणजे माल आहे. इथे सुट्या इंजिनाला कसलाच सरकारी कागद नसतो, साधी पावती तेवढी. त्या पावतीवर ‘जसं आहे तसं’ एवढंच लिहू देऊ नका. ओतीव नंबर, बोअर, गिअरबॉक्सचे दाते, ॲक्सलची जात, सगळं लिहून विकणाऱ्याची सही घ्या आणि लायसन्सचा फोटो काढा. नाही म्हणाला तर तिथेच कळतं. आणि तिकडे भारतात विलीज जीप किंवा जुनी मोटर बांधणाऱ्यांनीही ऐका : इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. घासलेल्या नंबरचं इंजिन घेतलंत तर पैसेही जातील आणि गाडीही कागदावर येणार नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. तेच फोटो, तेच मशीन शॉपचं बिल, तोच ३९७००१०. गाव आता इंडियाना राज्यातलं, तिन्हींची मिळून किंमत ४,९०० डॉलर. मी तक्रार नोंदवली, उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते. फोटोत डाव्या व्हॉल्व्ह कव्हरवर पोचा आहे आणि स्टँडची मागची बाजू भिंतीला टेकलेली आहे. ही जाहिरात समोर आली तर पैसे पाठवू नका, त्याचा आत्ताचा पत्ता मिळाला तर मला कळवा. माझी नोटीस तयार आहे.