इंदूरच्या कॉमिक्स दुकानातलं ‘कोण जिंकेल’ टेबल: शब्दांचा तक्ता पैसे वसूल करून देतो, वेगाचा रकाना मात्र दुरुस्तीला आलाय

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत जुनं-नवं कॉमिक्स आणि मांगा (जपानी कॉमिक्स) विकणारं एक छोटं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर शनिवारी संध्याकाळी काल्पनिक पात्रांच्या ताकदीची तुलना करणाऱ्यांसाठी टेबल लागतं. आठ खुर्च्या, दोन तास, माणशी ऐंशी रुपये, चहा त्यातच. सामना आधी लिहून द्यायचा: ‘ड्रॅगन बॉल’ मांगातला गोकू विरुद्ध सुपरमॅन, राज कॉमिक्सचेच नागराज विरुद्ध ध्रुव, जे काही असेल ते. बोलणं मराठी-हिंदी मिसळून चालतं. रामबाग आणि लोकमान्य नगरकडची मुलं येतात, त्यांना या भाषेत काही अडत नाही.

हा अभिप्राय खुर्च्यांबद्दल किंवा चहाबद्दल नाही. तो आहे टेबलावरच्या लॅमिनेट केलेल्या तक्त्याबद्दल आणि त्यासोबतच्या फॉर्मबद्दल. पैसे द्यायचे ते याच दोन गोष्टींसाठी. पॉवर-स्केलिंगच्या, म्हणजे पात्रांची ताकद अशी मोजून तोलण्याच्या, वादात निम्मी भांडणं पात्रांवरून होत नाहीत. दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरत असतात, तिथे ती पेटतात. इथे सामना सुरू होण्याआधी शब्द पक्के करतात, आणि हे काम मनापासून करतात.

फॉर्मपासून सुरुवात करू, कारण तो उत्तम आहे. पहिला रकाना पात्राच्या आवृत्तीचा: मालिकेच्या सुरुवातीचा गोकू की शेवटचा? सगळ्या आवृत्त्यांतले गुण एकत्र करून बनवलेलं ‘कंपोझिट’ पात्र इथे चालत नाही. दुसरा रकाना मनःस्थितीचा. ‘ब्लडलस्टेड’ म्हणजे पात्र हात आखडता न घेता, जिंकण्यासाठीच लढतं, असं फॉर्मवर स्पष्ट छापलंय. बरेच जण त्याचा अर्थ रागाने भान हरपलेलं पात्र असा घेतात आणि मग त्या पात्राची डावपेचांची बुद्धीच वजा करून टाकतात. ते चूक आहे. पुढे दोघांमधलं अंतर, एकमेकांबद्दलची माहिती, तयारीचा वेळ, वेग समान धरायचा की नाही, आणि ‘बीएफआर’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर फेकणं विजयात धरायचं की नाही.

तयारीचा वेळ तासांत लिहावाच लागतो, हा नियम फार मोलाचा. ध्रुवचंच बघा. त्याच्याकडे अतिमानवी ताकद नाही. विज्ञान, डोकं आणि पशुपक्ष्यांशी बोलण्याची हातोटी, एवढ्यावर तो लढतो. ‘प्रेप टाइम आहे’ एवढंच लिहिलं तर त्याचे चाहते महिनाभराची तयारी धरतात आणि समोरचे पाच मिनिटांची. एक तास आणि चोवीस तास हे दोन वेगळे सामने आहेत.

आता तक्ता. पुढच्या बाजूला विध्वंसाची शिडी आहे: सर्वसामान्य माणसापासून भिंत, छोटी इमारत, इमारत, सिटी ब्लॉक, गाव, शहर, डोंगर, बेट, देश, खंड, चंद्र, ग्रह, तारा, आकाशगंगा असं वर जात विश्वापर्यंत. ११ ते ० या प्रचलित टियरचे, म्हणजे ताकदीच्या श्रेणींचे, क्रमांकही शेजारी आहेत (आकडा जितका लहान तितकी ताकद जास्त), म्हणजे ९-बी भिंत, ८-बी सिटी ब्लॉक, ५-बी ग्रह. प्रत्येक पायरीला ऊर्जेची खालची आणि वरची मर्यादा दिलीय. ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या टनांत मोजतात; एक टन टीएनटी म्हणजे ४.१८४ अब्ज जूल, हे वरच ठळक छापलंय. मर्यादा दिल्यामुळे नुसतं ‘शहर उडवलं’ म्हणून सुटता येत नाही. किती उडवलं आणि कसं, ते सांगावं लागतं.

या ‘कसं’ वरच तक्त्याचा सगळ्यात चांगला भाग उभा आहे. दगड फोडण्याच्या चार तऱ्हा आणि दर घन सेंटिमीटरला लागणारी ऊर्जा दिलीय. चाहत्यांच्या गणितांत हेच आकडे चालतात: तुकडे करणं ८ जूल, जोरात चिंधड्या उडवणं ६९, पूड करणं २१४, वाफ करणं २५,७००. माळव्यातला काळा दगड घ्या. दोन मीटर उंच, दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड भिंत म्हणजे दोन घनमीटर, म्हणजे २० लाख घन सेंटिमीटर.

तुकडे झाले तर १.६ कोटी जूल. भिंतीच्या पायरीची वरची हद्द ०.००५ टन, म्हणजे सुमारे २.०९ कोटी जूल. पात्र भिंतीच्याच पायरीवर राहिलं. चिंधड्या म्हटलं की १३.८ कोटी जूल, म्हणजे ०.०३३ टन, आणि पात्र छोट्या इमारतीच्या पायरीवर चढलं. पूड म्हटलं तर ४२.८ कोटी जूल, ०.१ टन, तरी पायरी तीच. आणि कुणी ‘वाफ केली’ म्हटलं की ५१.४ अब्ज जूल, १२.३ टन. सिटी ब्लॉकची पायरी ११ टनांपासून सुरू होते. एकाच भिंतीवर एकच ठोसा, पण एका क्रियापदाच्या जोरावर पात्र इमारतीची पायरी ओलांडून थेट सिटी ब्लॉकवर जाऊन बसतं. म्हणून चित्रात खडे दिसतात की धूळ, की काहीच उरलेलं दिसत नाही, हे आधी बघायचं. इमारतीमागून धूळ उडताना दिसली म्हणून भिंतीची पूड झाली असं होत नाही. दगडाचे तुकडे पडले तरी धूळ उडतेच. टेबल चालवणारे दादा इथे घाई करू देत नाहीत. दोन चित्रं समोर ठेवून तुकड्यांचा आकार मोजायला लावतात.

मोजण्यासाठी पट्टी आणि भिंग दिलंय. पात्राची माहीत असलेली उंची घेऊन चित्रातल्या बाकीच्या गोष्टींचं माप काढायचं, यालाच पिक्सेल स्केलिंग म्हणतात. इथे एक गोष्ट तक्त्यावर हवी होती, ती नाही. मूळ उंचीत दहा टक्क्यांची चूक झाली तर घनफळात तेहतीस टक्क्यांची होते, कारण ती चूक लांबी, रुंदी, उंची या तिन्हींत गुणली जाते. पात्र वाकून उभं असेल किंवा दगड त्याच्या बराच मागे असेल, तर ते चित्र मोजमापाला घेऊच नये. शिवाय इमारत कधीच भरीव धरायची नाही. राजवाडा घेतला तर तो सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, आणि आतला बराचसा भाग मोकळी जागा. बाहेरच्या मापावरून घनफळ काढून त्याला दगडाचा आकडा लावला की उत्तर कित्येक पट फुगतं. टेबलावर हीच चूक सगळ्यात जास्त होते.

शिडीचा वरचा भाग बरोबर आहे, पण तो वाचताना लोक घसरतात. चंद्र पूर्ण विखुरण्यासाठी, म्हणजे तुकडे परत एकत्र येणार नाहीत इतकं दूर फेकण्यासाठी, सुमारे १.२४ गुणिले १० चा २९ वा घात इतके जूल लागतात. पृथ्वीसाठी सुमारे २.२४ गुणिले १० चा ३२ वा घात. पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या ८१ पट आहे, पण ऊर्जा सुमारे १,८०० पट लागते, कारण हा हिशोब वस्तुमानाचा वर्ग भागिले त्रिज्या असा जातो. तेव्हा ‘चंद्र फोडला, म्हणजे थोडा जोर लावला की ग्रहही फोडेल’ हे वाक्य टेबलावर ऐकू आलं तर तिथेच थांबवा.

आता तक्त्याचा पहिला मोठा दोष. ‘अटॅक पोटेन्सी’ आणि ‘डिस्ट्रक्टिव्ह कपॅसिटी’, म्हणजे एपी आणि डीसी, या दोघांना त्याने ‘मारा’ या एकाच रकान्यात घातलंय. एपी म्हणजे माऱ्यात किती ऊर्जेची ताकद आहे. डीसी म्हणजे प्रत्यक्षात किती परिसर उद्ध्वस्त होतो. चंद्र फोडण्याइतका मारा सहन करणाऱ्या शत्रूला एखादं पात्र ठोशाने खाली पाडतं आणि जमिनीला फक्त एक खड्डा पडतो. एपी चंद्राच्या पायरीची, डीसी काही मीटरची. एकच रकाना असला की एक बाजू खड्डा दाखवून पात्राला खाली खेचते, दुसरी बाजू चंद्र दाखवून वर ढकलते, आणि दोघांनाही तक्ता आपल्याच बाजूने वाटतो. मार्करने मधोमध एक रेघ मारली की काम भागतं. पुढच्या छपाईत हे व्हायलाच हवं.

गोकूचा म्हातारा गुरू रोशी याचं उदाहरण इथे पुन्हा पुन्हा येतं, आणि यायलाच हवं. रोशीने स्पर्धेत कामेहामेहाने, म्हणजे हातातून सोडलेल्या ऊर्जेच्या झोताने, चंद्र उडवला, हे फीट, म्हणजे कथेत प्रत्यक्ष करून दाखवलेली कामगिरी. पुढे त्याच कथेत स्काउटर हे ताकद मोजणारं यंत्र त्याची ताकद १३९ दाखवतो आणि बंदूकवाल्या शेतकऱ्याची ५. आता ताकदीचा आकडा आणि ऊर्जा सरळ प्रमाणात धरली तर त्या शेतकऱ्यात चंद्र फोडण्याच्या अठ्ठावीसाव्या भागाइतकी ऊर्जा असायला हवी. कथेत तसं काहीच दिसत नाही. म्हणजे स्काउटरचा आकडा कोण वरचढ हे सांगतो, किती जूल ते सांगत नाही. ‘याचा आकडा शंभरपट, म्हणून मारा शंभरपट’ असं इथे कुणी म्हटलं तर दादा लगेच रोशी आणि शेतकरी समोर ठेवतात. योग्य करतात.

चेन स्केलिंगवरही, म्हणजे एका पात्रावरून दुसऱ्याची ताकद साखळीने ठरवण्यावरही, बंधन आहे: दोन कड्यांपेक्षा लांब साखळी चालत नाही. ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’चा वार सहन केला, इथवर ठीक. त्यापुढे प्रत्येक कडीत ‘तेव्हा तो थकला होता’, ‘तेव्हा तो बेसावध होता’ अशा शंका साठत जातात. नियम कडक वाटेल, पण गरजेचा आहे. फीट आणि स्टेटमेंटचे, म्हणजे घडलेल्या आणि नुसत्या सांगितलेल्या गोष्टींचे, रकानेही वेगळे ठेवलेत. पात्र स्वतःबद्दल काय म्हणतं, निवेदक काय सांगतो आणि चित्रात काय घडतं, या तिघांना सारखं वजन देता येत नाही. खलनायकाची बढाई सगळ्यात हलकी.

मागच्या बाजूचा वेगाचा रकाना हा दुसरा दोष, आणि जास्त गंभीर. तिथे सरळ लिहिलंय: ‘वीज चुकवली = मॅसिव्हली हायपरसॉनिक’, म्हणजे ध्वनीपेक्षा प्रचंड पटींनी वेगवान. हे असं चालणार नाही. आधी कोणती वीज ते ठरवा. ढगातून जमिनीकडे टप्प्याटप्प्याने उतरणारा अग्रभाग सेकंदाला सुमारे दोन लाख मीटर जातो. त्यानंतर उलट वर चढणारा लखलखता झोत सुमारे दहा कोटी मीटर, प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दोघांत पाचशे पटींचा फरक. दुसरं, जादूगाराच्या हातातून निघालेली वीज खऱ्या विजेसारखी वागते का, हे कथेने दाखवलेलं असावं लागतं. तिसरं, वीज सुटण्याआधीच पात्र बाजूला झालं असेल तर त्याने नेम चुकवला, वीज नव्हे.

आणि हे सगळं जमलं तरी पात्राचा वेग विजेइतका ठरत नाही. समजा वीज दहा मीटरवरून आली आणि ती सुटल्यावर पात्र एक मीटर सरकलं. दहा मीटरला दोन लाखांच्या वेगाने ०.००००५ सेकंद लागतात. तेवढ्यात एक मीटर म्हणजे सेकंदाला २० हजार मीटर, साधारण मॅक ५८, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ५८ पट. मॅसिव्हली हायपरसॉनिकची हद्द मॅक १०० पासून सुरू होते. म्हणजे तक्त्याचा शब्द इथे थेट चुकतो. दोन अंतरं मोजल्याशिवाय वेगाचा शब्द लिहूच नये. प्रवासाचा वेग, लढताना हातपाय हलण्याचा वेग आणि प्रतिक्रियेचा वेग हेही तक्त्यात एकत्र आहेत. अवकाशातून ताऱ्यांदरम्यान उडणारं पात्र समोरासमोरच्या मारामारीत त्याच वेगाने ठोसे मारतं असं गृहीत धरता येत नाही.

‘हॅक्स’चा, म्हणजे नुसत्या ताकदीत न मोजता येणाऱ्या शक्तींचा, भाग छोटा पण नेटका. नागराजची विषारी फुंकर जुलात मोजता येत नाही. दगडी कातडी असलेल्या शत्रूलाही श्वास घ्यावाच लागतो. म्हणून टिकाऊपणा आणि प्रतिकारशक्ती वेगवेगळी तपासायची. त्याच वेळी ‘आजवर कुठलंच विष याला बाधलं नाही, म्हणून कुठलंच बाधणार नाही’ हा नो लिमिट्स फॅलसीचा, म्हणजे शक्तीला मर्यादाच नाही असं धरण्याचा, सापळा. दाखवलंय तेवढंच धरा.

निकालाचे शब्द, म्हणजे लो डिफ, मिड डिफ, हाय डिफ, एक्स्ट्रीम डिफ (डिफ म्हणजे डिफिकल्टी, जिंकायला किती कठीण गेलं ते), रोजच्या वापरासारखेच आहेत. ‘नेग’ म्हणजे समोरच्याला एक ओरखडाही काढता न येणं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

जाणाऱ्यांनी स्कॅन, म्हणजे कॉमिक्सच्या पानांची चित्रं, छापून न्यावेत, आणि फक्त फीटचं पान नको, त्याच्या आधीचं आणि नंतरचंही. आउटलायर म्हणजे पात्राच्या बाकी सगळ्या कामगिरीशी न जुळणारी एखादीच मोठी घटना. ती ओळखायची तर मागचापुढचा संदर्भ लागतो. फोनवरचं चित्र आठ जणांना दिसत नाही आणि पट्टी लावून मोजताही येत नाही. माळ्याचा जिना अरुंद आहे आणि पंख्याचा आवाज मोठा, तेव्हा खिडकीकडची खुर्ची घ्या. पहिल्यांदा जात असाल तर इमारत-पातळीच्या पात्रांचा सामना द्या. विश्व-पातळीच्या सामन्यांत गणित संपतं आणि कथेतल्या विश्वांच्या रचनेवर वाद सुरू होतो. नवख्याला त्यातून काही हाती लागत नाही. फॉर्म गुरुवारपर्यंत द्यावा लागतो. तक्त्याची प्रत तीस रुपयांना मिळते. ती जरूर घ्या, आणि घरी आल्यावर विजेच्या ओळीपुढे पेनाने लिहून ठेवा: कोणती वीज, किती अंतरावरून, पात्र किती सरकलं.